रँच आणि होमस्टेड: जमीन कुणाची, गुरं कुणाची?

वेस्टर्न सिनेमे बघून आपला एक समज होतो: रँचवाला, म्हणजे मोठ्या प्रमाणावर गुरं पाळणारा, हजारो एकरांचा जमीनदार आणि होमस्टेडवाला, म्हणजे सरकारी जमिनीवर दावा नोंदवून घर-शेती करणारा, त्याच्या हद्दीत घुसलेला गरीब शेतकरी. अमेरिकेतल्या वायोमिंगमधली, १८८० च्या दशकातली जॉन्सन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) पाहिली, तर चित्र जवळजवळ उलटं दिसतं. कागदावर जमीन नावावर करून घेत होता तो होमस्टेडवाला. बड्या रँचवाल्याकडे होती ती मुख्यतः गुरं.

लकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांना १८७६-७७ च्या लष्करी मोहिमांनी हुसकावल्यावर इथलं पावडर नदीचं खोरं गुरांसाठी मोकळं झालं. जमीन केंद्र सरकारची, गवत फुकट. गायरानाची आठवण होईल, पण गायरान एका गावाशी बांधलेलं असतं. इथे कुणाचंच बंधन नव्हतं. मोर्टन फ्रुएनसारख्या इंग्रजाने या फुकट गवताच्या भरवशावर कंपनी काढून इंग्लंडमधून भांडवल उभं केलं. कुंपण नाही, म्हणून मालकीची खूण एकच: गुराच्या कातडीवर तापल्या लोखंडाचा डाग.

होमस्टेडचा कायदा १८६२ चा. १६० एकरांवर दावा नोंदवायचा, घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं राहायचं, की जमीन नावावर. १६० एकर ऐकून आपले डोळे विस्फारतात, पण त्या कोरड्या मुलखात एका गाईला वर्षभर चरायला काही ठिकाणी तीस-चाळीस एकर लागतात. म्हणजे हिशेबाने चार-पाच गाई! मग होमस्टेडवाला ओढ्याकाठची जागा धरायचा आणि त्याचीही गुरं सरकारी गवतावरच चरायची.

घोटाळा इथेच होतो. दोघांकडे गुरं, दोघांचं गवत एकच. ‘शेतकरी विरुद्ध गुराखी’ ही मांडणी मला म्हणूनच फसवी वाटते. कितीतरी होमस्टेडवाले कालपर्यंत त्याच कंपन्यांचे काउबॉय होते. ओढा कुंपणात गेला की पलीकडचं मैलोन्‌मैल गवत पाण्यावाचून बिनकामाचं, ही रँचवाल्यांची खरी पोटदुखी.

भांडण मात्र पेटलं वासरांवरून. डाग नसलेलं, आईपासून सुटलेलं वासरू कुणाचं? १८८४ च्या कायद्याने ते बड्या पशुपालकांच्या संघटनेचं ठरवलं. स्वतःची गुरं बाळगणाऱ्या काउबॉयला काम मिळेना. तो ‘चोर’ ठरू लागला. त्यात १८८६-८७ च्या हिवाळ्याने कळपच्या कळप मारले. मोठ्या कंपन्या बुडाल्या, उरलेले बिथरले.

एप्रिल १८९२ मध्ये बड्यांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकधारी आणून सुमारे पन्नास जणांची टोळी काउंटीत घुसवली. चोर ठरवलेले काउबॉय नेट चॅम्पियन आणि निक रे मारले गेले. मग काउंटीतल्या बफेलो गावचे आणि आसपासचे लोक शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, रेड अँगसबरोबर उठले आणि त्यांनी टोळीलाच टीए रँचवर वेढलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या हुकमाने घोडदळ आलं आणि टोळी वाचली. टोळीवरच्या खटल्याचा खर्च काउंटीला झेपेना. जानेवारी १८९३ मध्ये तो बारगळला.

पुढे चराईसाठी ६४० एकरांचा दावा करू देणारा कायदा आला, तोही १९१६ मध्ये. कोरडवाहू होमस्टेडं एकेक करून विकली गेली, शेजाऱ्याने घेतली. त्यामुळे आज तिथे जिला रँच म्हणतात, तिच्या पोटात बहुधा जुन्या होमस्टेडांचे तुकडे असतात आणि भोवतीच्या सरकारी जमिनीवर चराईचा परवाना.