अरगटाचं वांड पोर: एलएसडीची पार्श्वभूमी

बाजरी पेरण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात घालायची पद्धत आपल्याकडे आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं आणि वर तरंगेल ते काढून टाकायचं. त्या तरंगणाऱ्या कचऱ्यात पोचट दाण्यांबरोबर काळपट, टणक गाठी असतात. तेच अरगट. कणसावर आधी मधासारखा चिकटा दिसतो आणि मग दाण्याच्या जागी ही बुरशी ठाण मांडून बसते. युरोपात तिची सख्खी बहीण राय नावाच्या धान्यावर वाढते. भास घडवणाऱ्या एलएसडी या अमली पदार्थाचं मूळ त्या बहिणीत आहे.

मध्ययुगात अरगट मिसळलेल्या रायचा पाव खाऊन गावंच्या गावं आजारी पडत. हातापायांची आग होई, बोटं काळी पडून गळत. लोक त्याला 'संत अँथनीची आग' म्हणत. सुइणींना मात्र या बुरशीचा दुसरा गुण ठाऊक होता. थोडंसं अरगट पोटात गेलं की अडलेल्या बाईला कळा येतात. जर्मन वैद्य अ‍ॅडम लोनिट्झर यांनी १५८२ साली हे लिहून ठेवलं आहे. सुइणींच्या या बटव्यातलं नेमकं द्रव्य शोधायला स्वित्झर्लंडमधल्या बासेलची सँडोझ कंपनी पुढे सरसावली. तिथल्या आर्थर स्टोल यांनी १९१८मध्ये अरगटातून अर्गोटामिन वेगळं केलं. १९२९मध्ये त्यांच्या हाताखाली एक तरुण रसायनशास्त्रज्ञ रुजू झाला, आल्बर्ट हॉफमन.

अरगटातल्या द्रव्यांचा सामाईक गाभा म्हणजे लायसर्जिक आम्ल. त्याला एकेक शेपटी जोडून काय हाती लागतं ते हॉफमन पाहत होते. या मालिकेतलं पंचविसावं संयुग १९३८च्या नोव्हेंबरमध्ये तयार झालं. रक्ताभिसरण आणि श्वसनाला चालना देणारं औषध मिळेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. चाचणीत प्राणी जरा अस्वस्थ झाले, गर्भाशयावर थोडाफार परिणाम दिसला, पण डॉक्टरांना कामाचं असं काही सापडलं नाही. हे पंचविसावं संयुग, म्हणजेच एलएसडी-२५, बासनात गेलं.

हा शोध 'अपघाताने' लागला असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कंपनीने एकदा मोडीत काढलेलं संयुग सहसा कुणी पुन्हा करत नाही. हॉफमनना मात्र पाच वर्षं या पंचविसाव्याची चुटपुट लागून राहिली होती, आणि १९४३च्या वसंतात त्यांनी ते मुद्दाम पुन्हा केलं. अपघात झाला तो त्यानंतर. १६ एप्रिल, शुक्रवारची दुपार. काम करता करता त्यांना गरगरायला लागलं. घरी जाऊन ते आडवे झाले, तर मिटल्या डोळ्यांपुढे रंगांचा पूर. दोनेक तासांत सगळं ओसरलं. बोटांना लागून कणभर द्रव्य अंगात गेलं असावं, असा त्यांचा अंदाज.

पुढच्या सोमवारी, १९ एप्रिलला, जे झालं त्यात अपघाताचा लवलेशही नव्हता. दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी त्यांनी पाव मिलिग्रॅम पाण्यात घालून प्यायलं. इतक्या कमी मात्रेने काही होणार नाही, म्हणून सुरुवात इथून, हा त्यांचा हिशेब. पण प्रत्यक्षात ती मात्रा चांगलीच मोठी होती. पाऊण तासात वहीत लिहिणं अशक्य झालं. युद्धकाळ असल्याने मोटार नव्हती, म्हणून सहायक सुझी रामश्टाइन यांना सोबत घेऊन ते सायकलवर घरी निघाले. आपण जागचे हललोच नाही असं त्यांना वाटत होतं. सायकल चांगली जोरात होती, असं त्या नंतर म्हणाल्या. घरी उतारा म्हणून शेजारणीकडून दूध मागवलं. दूध घेऊन आलेली ती भली बाई त्यांना मुखवटा घातलेली चेटकीण दिसली, तरी दोन लिटरहून जास्त दूध त्यांनी रिचवलं. डॉक्टरांना विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच सापडलं नाही.

सँडोझने १९४७मध्ये हे औषध 'डेलिसिड' नावाने मानसोपचारतज्ज्ञांना द्यायला सुरुवात केली. कॅनडात मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी दारूचं व्यसन सोडवण्यासाठी ते वापरून पाहिलं. अशा द्रव्यांना लावला जाणारा 'सायकेडेलिक' हा शब्दही त्यांचाच. इतक्या सूक्ष्म मात्रेने मन उलटंपालटं होतं, म्हणजे मनाच्या आजारांमागे रसायनं असू शकतील, या विचाराला एलएसडीने बळ दिलं. मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाकडे संशोधकांचं लक्ष वळलं, त्यातही एलएसडीचा वाटा मोठा.

काळी बाजूही तेव्हाच सुरू झाली. सीआयएने १९५३पासून 'एमके-अल्ट्रा' प्रकल्पात लोकांना नकळत हे द्रव्य पाजलं आणि १९७३मध्ये बहुतेक कागदपत्रं नष्ट केली. हार्वर्डमधून १९६३मध्ये काढून टाकलेल्या मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांनी त्याचा जाहीर प्रचार मांडला. सँडोझने १९६५मध्ये पुरवठा थांबवला, १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात एलएसडी सर्वांत कडक यादीत गेलं आणि संशोधन जवळपास ठप्प झालं.

हिप्पींबरोबर ते गोव्यात अंजुण्याच्या किनाऱ्यावर पोचलं. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली आज ०.१ ग्रॅम एलएसडी ही 'व्यावसायिक मात्रा' ठरते. द्रव्य असतं टिपकागदाच्या चिमुकल्या तुकड्यात मुरलेलं, त्यामुळे वजनात कागद धरायचा की नाही, यावर आपल्या न्यायालयांत चांगलीच खडाजंगी झाली. कागद धरला तर जामीन अवघड, वगळला तर सोपा.

हॉफमन एलएसडीला आपलं डोक्याला ताप देणारं पोर म्हणत. १०२ वर्षांचं आयुष्य लाभून ते २००८मध्ये गेले. त्याआधी बारा रुग्णांवरच्या एका छोट्या स्विस अभ्यासाला मंजुरी मिळालेली त्यांनी पाहिली. गंभीर आजाराने आलेली चिंता एलएसडीच्या साहाय्याने केलेल्या मानसोपचारांनी कमी होते का, हे त्यात तपासलं गेलं आणि निष्कर्ष २०१४मध्ये आले. २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने चिंताविकारासाठी एलएसडीच्या एका औषधरूपाला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे परवानगी नव्हे, फक्त तपासणीचा वेग वाढतो.

त्यांचं गुणी पोर मात्र फारसं कुणाला माहीत नाही. त्याच लायसर्जिक आम्लाला वेगळी शेपटी जोडून सँडोझमध्ये हॉफमन यांनीच मेथिलअर्गोमेट्रिन तयार केलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, की आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतली सिस्टर आधी बाईचं बीपी जास्त नाही ना ते बघते, मग फ्रिजमधून इवलीशी अ‍ॅम्प्यूल काढून सुई देते. ती त्याला 'मेथर्जिन' म्हणते.