काटोल अशनी

काटोल अशनी : नागपूर जिल्ह्यातील काटोल आणि आसपासच्या शिवारात 22 मे 2012 रोजी पडलेला दगडी अशनी. दुपारी दोनच्या सुमारास, ऐन उन्हात, आकाशात स्फोटासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ काळे दगड खाली आले. वातावरणात शिरून फुटलेल्या एकाच पिंडाचे ते तुकडे होते. गोळा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे 13 किलो भरले. त्याचा वर्ग एल-6 कॉन्ड्राइट (कॉन्ड्राइट म्हणजे बारीक गोलिका असलेला दगडी अशनी). मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या मुख्य लघुग्रह पट्ट्यात फुटलेल्या एका मोठ्या पिंडाशी या वर्गाचे नाते जोडले जाते. दुर्बिणीतून जो लघुग्रह नुसता प्रकाशाचा ठिपका दिसतो, त्याचा ढलपा संत्र्या-कापसाच्या मुलखात हातात धरता आला, यातच या अशनीचे मोल आहे.

तुकड्यावर बाहेरून पातळ काळी साल असते. वातावरणातून येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि पुन्हा थिजतो, त्यातून ही साल बनते. तिची जाडी जेमतेम मिलिमीटरभर. फुटलेल्या बाजूला आतला दगड फिकट राखाडी दिसतो आणि उन्हात तिरपा धरला की लोह-निकेलचे कण चमकतात. बाकीचा भाग मुख्यतः ऑलिव्हीन आणि पायरोक्सीन या खनिजांचा. वर्गनामातले ‘एल’ हे अक्षर लोहाचे एकूण प्रमाण कमी असल्याचे दाखवते. 6 हा आकडा सांगतो की मूळ पिंडाच्या पोटात हा दगड दीर्घकाळ तापत राहिला. सूर्यमालेच्या आरंभी तयार झालेल्या बारीक गोलिका अशा दगडांत असतात. त्या उष्णतेने इथे त्यांच्या कडा पुसट झाल्या आहेत.

काटोलचे नाव जगभरच्या संशोधकांत पोहोचले ते दगडातल्या बारीक काळ्या शिरांमुळे. अंतराळात दुसऱ्या पिंडाची धडक बसली तेव्हा दगडातून दाबलहर गेली आणि काही रेषांपुरता दगड क्षणात वितळून थिजला. आयआयटी खरगपूरच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शिरांमध्ये ब्रिजमनाइट सापडले. हे पृथ्वीतले सर्वांत विपुल खनिज, पण त्याचे ठिकाण सुमारे 660 किलोमीटरखालच्या प्रावरणात, म्हणजे भूकवच आणि गाभा यांमधल्या थरात. माणसाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र 12 किलोमीटरच्या थोडेच पुढे गेले आहे, आणि खालून वर येताना दाब उतरला की या खनिजाची रचना मोडते. त्यामुळे नैसर्गिक ब्रिजमनाइट पाहायचे तर बहुतांशी अशनीच तपासावे लागतात. काटोलमध्ये त्याच्यासोबत धातुरूप लोहाचे सूक्ष्म कणही मिळाले. खोल प्रावरणात लोह वेगळे कसे होत असावे, याचा नैसर्गिक दाखला त्यातून हाती आला. लघुग्रहावरच्या एका धडकेने पृथ्वीच्या पोटातली स्थिती काही क्षण उभी केली, ही या दगडाची सर्वांत विलक्षण बाजू म्हणावी लागेल.

एल कॉन्ड्राइटांचा मूळ पिंड सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी फुटला, असे मानले जाते. त्या काळच्या समुद्रतळावर पडलेले याच वर्गाचे अशनी स्वीडनमधल्या चुनखडीत जीवाश्मांसारखे सापडले आहेत.

लघुग्रह पट्ट्याचा अभ्यास 1 जानेवारी 1801 रोजी इटलीतील खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांनी सेरेस हा पट्ट्यातला पहिला पिंड शोधला तेव्हापासून सुरू झाला. 1861 मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ पॉगसन यांनी मद्रास वेधशाळेतून शोधलेल्या लघुग्रहाला ‘एशिया’ हे नाव मिळाले. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कर्कवुड यांना 1866 मध्ये पट्ट्यात मोकळ्या जागा आढळल्या. सूर्यापासून 2.5 खगोलीय एककांवर (म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीचपट अंतरावर) फिरणारा पिंड गुरूच्या एका फेरीत तीन फेऱ्या घालतो. गुरूची ओढ पुन्हा पुन्हा तशीच लागून त्याची कक्षा लांबट होत जाते आणि अखेर ग्रहांच्या वाटेला छेद देऊ शकते. पट्ट्यातले दगड पृथ्वीकडे वळण्याची ही एक मोठी वाट. एकाच फुटीतून निघालेल्या लघुग्रहांची कुळे जपानी खगोलशास्त्रज्ञ हिरायामा यांनी 1918 मध्ये दाखवली. लघुग्रहावरून परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट आणि अशनीची खनिजे यांचा मेळ मात्र बराच काळ वादात होता. जपानच्या हायाबुसा यानाने 2010 मध्ये इटोकावा लघुग्रहाची धूळ आणली आणि एस प्रकारचे, म्हणजे दगडी, लघुग्रह सामान्य कॉन्ड्राइटांचे (एल वर्ग त्यांपैकीच) मूळ असल्याचे पक्के झाले.

विदर्भात अशनी ओळखणे सोपे नाही, कारण इथला खडकच काळा. वावरात किंवा धुऱ्यावर दिसणारा भोकाभोकांचा दगड हा बहुधा बेसाल्ट असतो. ती भोके लाव्ह्यातल्या वायूची. अशनीत सहसा अशा पोकळ्या नसतात. चुंबकाची परीक्षाही फसवी, कारण बेसाल्टातल्या मॅग्नेटाइटमुळे तोही थोडासा ओढला जातो. घासलेल्या कोपऱ्यात धातूचे चमकते कण दिसले तर ती खूण जास्त भरवशाची. पडल्यावर दगड धगधगत असतो हा समजही चुकीचा आहे. शेवटचे काही किलोमीटर तो वेग गमावून, विझून खाली येतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवरही अंतराळातून आलेल्या पिंडाच्या आघाताने झाले. पण तिथला पिंड आघातातच नष्ट झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे 2 एप्रिल 2022 च्या रात्री पडलेली धातूची कडी रॉकेटच्या अवशेषांपैकी होती, तिचा लघुग्रहांशी संबंध नाही.

अशनी लवकर उचलला जाण्याला फार महत्त्व आहे. अंतराळात वैश्विक किरणांमुळे दगडात अल्पायुषी किरणोत्सारी अणू तयार होतात. त्यांपैकी सोडियम-22 चे अर्धायुष्य (निम्मे अणू नष्ट व्हायला लागणारा काळ) 2.6 वर्षे, तर काहींचे काही दिवसांचेच. पिंडाचा मूळ आकार त्यांच्या मोजमापातून काढता येतो. काटोलचे तुकडे मे महिन्यात, पावसाळ्याआधी पडले. पाऊस लागल्यावर ओल्या काळ्या मातीत लोहकण गंजू लागतात. भारतात पडलेले अशनी जतन करण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते. नागपुरात या संस्थेचे मध्य विभागाचे कार्यालय आहे.