माणदेश ते नागझिरा : व्यंकटेश माडगूळकरांची वाट

आटपाडी, दहिवडी, सांगोला हा माणदेश पर्जन्यछायेतला. माणगंगा आहे, पण वर्षातले बरेच महिने पात्रात नुसती वाळू. याच मुलखातल्या माडगुळ्यात १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर जन्मले. गाव औंध संस्थानातलं, वडील संस्थानच्या नोकरीत, घरात ओढगस्त कायमची. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर गीतांकडे वळले. धाकट्याची शाळा अर्धवट राहिली आणि बेचाळीसच्या चळवळीत तो पोरवयातच भूमिगत झाला. 'कोवळे दिवस' ही कादंबरी त्याच दिवसांवरची.

त्यांच्या लेखनामागचं खरं वर्ष मला १९४८ वाटतं. जानेवारीत गांधीजींचा खून झाला आणि पश्चिम महाराष्ट्रात खेडोपाडी ब्राह्मणांची घरं जळाली. मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. माडगूळकर ज्या गावगाड्यात वाढले, तो दोन-तीन महिन्यांत मुळातून हलला. पुढच्याच वर्षी 'माणदेशी माणसं' आलं. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली यांची ही शब्दचित्रं आपण गावची गोड आठवण म्हणून वाचतो, पण त्यांत गोडवा शोधून सापडत नाही. भूक आहे, लाचारी आहे आणि लिहिणारा कुठेही गळा काढत नाही. जाळपोळीवर त्यांनी थेट लिहिलं ते बऱ्याच उशिरा, १९६४च्या 'वावटळ' या कादंबरीत.

त्या काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्यासोबत नवकथाकार, म्हणजे मराठी कथेला नवं वळण देणारे लेखक, म्हणून त्यांचं नाव घेतलं जाई. बाकीचे तिघे मुख्यतः पांढरपेशांच्या मनात शिरत होते. माडगूळकर मनाबद्दल फारसं बोलतच नाहीत. माणूस कसा बसतो, काय नेसतो, कशाने अंग खाजवतो, एवढंच सांगतात. हात चित्रकाराचाही होता, ते इथे कळतं.

१९५५ साली दोन गोष्टी झाल्या. पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी लागली आणि 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर लोकांच्या श्रमातून तालीम बांधतो आणि ती उघडायला खुद्द राजेसाहेब येतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, हे ठाऊक असलेल्या वाचकाला हा प्रसंग वेगळाच लागतो. कादंबरी छापली गेली तेव्हा ते संस्थान नकाशावर उरलं नव्हतं. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडीही ओस पडते.

मधल्या वर्षांत नाटकं झाली ('पती गेले गं काठेवाडी' खूप चाललं), शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर कथाकथनाचे कार्यक्रमही गाजले. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

शिकारीचा नाद होता. पुढे बंदूक मागे पडली, वही आणि दुर्बीण उरली. 'नागझिरा' हे विदर्भातल्या त्याच नावाच्या जंगलातल्या मुक्कामाचं पुस्तक. मग आलं 'सत्तांतर'. वानरांची टोळी, तिच्यावर चाल करून येणारा नर, मारली जाणारी पिल्लं. हे कल्पनेचे खेळ नव्हेत: धारवाडजवळच्या वानरांत जपानी संशोधक सुगियामा यांनी १९६०च्या दशकात नेमकं हेच नोंदवलं होतं. 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. माणदेशी माणसांपासून निघालेल्या लेखकाच्या या कादंबरीत माणूस जवळपास नाहीच.