खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि खड्ड्याची जागा

गटारवाहिनी ज्या गावापर्यंत येणारच नाही, तिथे घरामागचे दोन शोषखड्डे हेच मैलापाण्याचे शुद्धीकरण केंद्र. त्यासाठी स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा 2 मध्ये 12,000 रुपये मिळतात: 7,200 केंद्राचे, 4,800 राज्याचे. पैसे साधारणपणे काम झाल्यावर खात्यात येतात, तेव्हा विटा-सिमेंटची सोय आधी करून ठेवा.

दारिद्र्यरेषेखालील (बीपीएल) कुटुंबे पात्र आहेत. दारिद्र्यरेषेवरच्या (एपीएल) कुटुंबांमध्ये अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्पभूधारक शेतकरी, घर असलेले भूमिहीन मजूर, अपंग आणि महिला कुटुंबप्रमुख यांनाच लाभ मिळतो. पूर्वी शौचालयाचे अनुदान घेतलेले नसावे.

आधारकार्ड, आधार जोडलेल्या खात्याचे पासबुक, रेशनकार्ड आणि फोटो लागतात. शिवाय ज्या गटातून अर्ज करता त्याचा पुरावा द्यावा लागतो: जातीचा दाखला, पहाणी (जमिनीचा) उतारा किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र. सीमाभागात अर्ज अडकतो तो नावावर. रेशनकार्डावर कन्नडमध्ये एक, पासबुकावर इंग्रजीत दुसरे, आडनाव कधी आधी तर कधी गायब. आधार आणि पासबुकावरचे नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, मगच अर्ज करा.

अर्ज मिशनच्या पोर्टलवर मोबाइल नंबर टाकून भरता येतो, नाहीतर ग्रामपंचायतीत पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्या. कन्नड नमुना वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. पंचायतीची मंजुरी येण्याआधी खोदकाम नको.

खड्डे पाच-सहा माणसांना साधारण एक मीटर व्यासाचे, दोघांमध्ये किमान एक मीटर अंतर. भिंत विटांमध्ये फटी ठेवून जाळीदार बांधलेली, तळ मातीचाच. सिमेंटने तळ बंद केला की पाणी फक्त भिंतीतून मुरते आणि खड्डा लवकर तुंबतो. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस प्रचंड आणि जमीन जांभ्याची. जांभ्याच्या भेगांतून मैलापाणी थेट विहिरीत उतरते. विहिरीपासून 10 मीटर हे किमान अंतर. भेगा दिसल्या तर त्याहून लांब जा, खड्ड्याभोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरा आणि तळ बंद करा; अशा जमिनीपुरता हा अपवाद. श्रावणात विहिरीचे पाणी कुठवर चढते ते पाहून खोली ठरवा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा फसवते. झाकण जमिनीच्या वर ठेवा.

न्हाणीघराचे पाणी या खड्ड्यांत सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा हवा. काम पूर्ण झाल्यावर जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो काढला जातो. त्यात चेंबर (पाणी एका किंवा दुसऱ्या खड्ड्याकडे वळवणारी छोटी पेटी) व दोन्ही झाकणे दिसू द्या. पहिला खड्डा साधारण तीन वर्षांनी भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवा. पहिला दोन वर्षे उघडू नका, मग आतले खत शेतात वापरता येते.