ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेवरील उताऱ्यांचे दुष्परिणाम

क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम (वॉर्डातल्या बोलीत ‘पॅम’) ही औषधे उतारा म्हणून देतात. ही कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन साचत जाते. लाळ, घाम, जुलाब सुरू होतात, नाडी मंदावते, फुप्फुसे स्रावाने भरतात. ॲट्रोपिन हे स्राव सुकवते, पण त्यासाठी एरवीच्या कितीतरी पट मात्रा लागते. साहजिकच हा उपचार ॲट्रोपिनच्याच विषबाधेच्या उंबरठ्यावर चालतो.

तोंडाला कोरड पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, नाडी वाढणे यांना दुष्परिणाम म्हणण्यापेक्षा औषध लागू पडल्याची खूण म्हणणे योग्य. मात्रा जास्त झाली की रुग्ण बरळू लागतो, अंथरूण चाचपतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, सलाइन उपसतो. लघवी अडून ओटीपोट फुगते. नातेवाइकांना वाटते, विष डोक्यात गेले. भ्रम, ताप आणि आतड्यांचा आवाज बंद होणे ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर ॲट्रोपिन थांबवतात आणि ती ओसरल्यावर कमी वेगाने पुन्हा सुरू करतात. घाम बंद झाल्याने अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात, हातपाय बांधलेल्या अवस्थेत धडपडणाऱ्या रुग्णाचा ताप जिवावर बेतू शकतो. उलट, विष अंगात असताना औषध फार लवकर तोडले तर फुप्फुसे पुन्हा भरतात. नुसत्या बाहुल्या पाहून मात्रा ठरवणे फसवे असते. छातीचा आवाज, नाडी, रक्तदाब पाहावा लागतो आणि काखेत हात घालून घाम तपासावा लागतो.

औषध देण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील चाचणीत ठरावीक अंतराने ठोक मात्रा दिलेल्यांपैकी 28.4 टक्के रुग्णांत ॲट्रोपिनची विषबाधा दिसली. मात्रा दुप्पट करत नेऊन नंतर संथ ठिबकेने औषध दिलेल्या गटात ती 12 टक्के होती.

ॲट्रोपिनसारखेच स्राव सुकवणारे ग्लायकोपायरोलेट मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून भ्रम कमी होतो. पण मेंदूवरील विषाचा परिणामही त्याने हटत नाही. झटक्यांसाठी दिलेल्या डायझेपामने श्वास मंदावू शकतो.

पॅम शिरेतून घाईने दिल्यास उलटी, रक्तदाब व नाडी वाढणे, स्वरयंत्र आकसणे, स्नायू ताठरणे, क्वचित हृदय बंद पडणे असे प्रकार घडतात. म्हणून पहिली मात्रा साधारण अर्ध्या तासात हळूहळू सोडतात. त्याच्याच गटातील ऑबिडॉक्झिम यकृताला अपाय करू शकते. पॅमबाबत खरा वाद मात्र वेगळाच आहे: निकामी झालेले विकर पुन्हा चालू करण्यासाठी दिलेल्या या औषधाने रुग्ण वाचतो का? बारामती येथे 200 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत सतत ठिबकेने मोठी मात्रा दिलेल्या गटात मृत्यू 1 टक्का, तर अधूनमधून मात्रा दिलेल्या गटात 8 टक्के होते. ते रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते आणि लवकर पोहोचले होते. 2009 साली श्रीलंकेतील 235 रुग्णांच्या चाचणीत याच्या उलट दिसले: पॅम घेतलेल्यांत मृत्यू 24.8 टक्के, औषधाविना द्रव दिलेल्यांत 15.8 टक्के. रक्तपेशींतील विकर पुन्हा कामाला लागले होते, तरी रुग्ण वाचले नाहीत.