वेग कशाच्या मानाने?

गाडीच्या मीटरवर ५० दिसतं ते रस्त्याच्या मानाने, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक गाड्यांत मीटरला फक्त चाकांचे फेरे कळतात. खानापूरकडच्या पावसाळी चिखलात जीप रुतली आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं, की गाडी तसूभरही न हलता काटा २०-३० वर जाऊ शकतो. त्याच वेळी मोबाइलवरचा जीपीएस शून्याच्या आसपास आकडा दाखवतो, कारण तो उपग्रहांच्या संकेतांवरून जमिनीवरची जागा काढतो. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांचं मोजमाप वेगवेगळ्या गोष्टींचं आहे.

ज्याच्या मानाने गती मोजायची, तो संदर्भबिंदू. तो सांगितल्याशिवाय वेगाला अर्थच नसतो. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस तुमच्या मानाने स्थिर असतो, तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्याच्या मानाने ताशी ५० किलोमीटरने जात असतो. बेळगावच्या बसस्थानकात उभी असलेली बससुद्धा पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे चाललेली असते. बस, फलाट, हवा सगळंच तिच्याबरोबर जात असल्यामुळे ते जाणवत नाही.

रस्त्यावर याचा सगळ्यात महत्त्वाचा उपयोग ओव्हरटेक करताना होतो. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांचा सापेक्ष वेग म्हणजे त्यांच्या वेगांची वजाबाकी, समोरासमोर येणाऱ्यांचा म्हणजे बेरीज. ऊसतोडीच्या हंगामात निपाणी, चिकोडी, रायबाग भागातल्या दुपदरी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २० ने चाललाय आणि तुमची कार ५० ने, असं समजा. फरक ३० चा, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. मागे सोडलेलं अंतर १५ मीटर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या मिळून १६, तुमची कार ४ आणि पुढे गेल्यावर सोडायचे १५, असे एकूण ५० मीटर कापायला ६ सेकंद लागतात. तेवढ्यात कार रस्त्यावर ८३ मीटर पुढे जाते आणि समोरून ६० ने येणारी बस १०० मीटर जवळ येते. म्हणजे किमान १८३ मीटर रस्ता मोकळा हवा, वर सुरक्षिततेसाठी आणखी थोडा.

आता ट्रॅक्टरच्या जागी ४० ने जाणारा ११ मीटर लांबीचा ट्रक ठेवा. कापायचं अंतर ४५ मीटर, आधीपेक्षा कमीच. पण फरक फक्त १० चा आहे, म्हणून वेळ लागतो १६ सेकंद. कार २२५ मीटर जाते, बस २७० मीटर येते. जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता रिकामा लागतो! हळू जाणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा जवळजवळ आपल्याच वेगाने जाणारा ट्रक ओलांडणं जास्त धोक्याचं, ही गोष्ट गाडी शिकतानाच प्रत्येकाला आकड्यांसह सांगायला हवी. तीच कार ६० ने गेली तर फरक दुप्पट होतो, वेळ ८ सेकंदांवर आणि रस्ता २७० मीटरवर येतो. उलट चढ संपल्यावर ट्रकने वेग ४५ केला आणि तुम्ही ५० वरच राहिलात, तर तेच काम ३२ सेकंदांचं होतं. अशा वेळी समोर काही दिसलं, तर जिद्दीने पुढे न रेटता ब्रेक मारून पुन्हा ट्रकच्या मागे यावं.

समोरच्या बसचा वेग डोळ्यांनी नीट का कळत नाही? अडीच मीटर रुंदीची बस ५०० मीटरवर असताना डोळ्याशी जेमतेम ०.३ अंशाचा कोन करते, म्हणजे चंद्राच्या बिंबापेक्षाही कमी. बेरजेच्या हिशोबाने ती ताशी ११० ने जवळ येत असते, तरी हा कोन दुप्पट व्हायला ८ सेकंद लागतात. इतक्या संथ वाढीवरून मेंदूला वेगाचा अंदाज बांधता येत नाही. बस जवळ आल्यावर मात्र ती झपाट्याने मोठी दिसू लागते, पण तोवर उशीर झालेला असतो.

मागोमाग चालतानाही फसगत होते. ट्रक आणि तुम्ही दोघेही ५० ने जात असाल, तर सापेक्ष वेग शून्य. ट्रकचा मागचा फाळका जागच्या जागी दिसतो आणि पाच मीटर अंतर पुरेसं वाटतं. ब्रेकचा संबंध मात्र रस्त्याच्या मानाने असलेल्या वेगाशी असतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी गाडी २१ मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून संदर्भबिंदू ट्रकवरून हलवून रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर न्या. ट्रकचा मागचा भाग खांबापाशी आल्यापासून तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद जायला हवेत, पाऊस असेल तर चार.

मिरजेत किंवा लोंढ्याला शेजारच्या रुळावरची गाडी हलली, की आपलीच निघाली असं वाटतं. खिडकीतून सगळीकडे तिचे डबेच दिसत असतील, तर डोळ्यांना दुसरा संदर्भबिंदू उरत नाही. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग एकसारखी गती ओळखत नाही, फक्त तिच्यातला बदल ओळखतो, आणि रेल्वे इतकी अलगद सुटते की तोही निश्चित सांगू शकत नाही. पलीकडच्या खिडकीतून फलाटावरचा खांब पाहिला की लगेच उलगडा होतो. गाडी सुटल्यावर शेतातल्या मधल्याच एखाद्या झाडावर नजर रोखून पाहा. त्याच्या अलीकडचं सगळं मागे पळतं आणि पलीकडचं आपल्याबरोबर पुढे येतं, जणू अख्खं शिवार त्या झाडाभोवती फिरतंय.

पावसाचंही असंच. वारा नसताना मोठा थेंब सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने सरळ खाली पडतो. ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या मानाने तो उभ्या रेषेशी ५१ अंशांचा कोन करून समोरून येतो. भुरभुर पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला जेमतेम २ मीटरनेच पडतो, म्हणून त्याच वेगात तो ७९ अंशांनी, जवळजवळ आडवा येतो. मुसळधार पाऊस रेनकोटच्या खांद्यावर आणि मांडीवर बसतो, तर भुरभुर थेट छातीवर आणि हेल्मेटच्या काचेवर येते. रेनकोटची चेन गळ्यापर्यंत लावून वरची पट्टी नीट बसवली नसेल, तर हलक्या पावसातही शर्ट भिजतो. गाडी थांबवली की तोच पाऊस पुन्हा सरळ डोक्यावर पडू लागतो.