पार्श्वभूमी: शोधपेटीतली रिकामी जागा आणि ‘किंवा’चा घोळ

‘महाल किंवा इतवारी दुकान’. नागपुरातला माणूस असं लिहितो तेव्हा त्याला दोन्हीपैकी कुठल्याही भागातलं दुकान चालणार असतं. आपल्याला ते फोडून सांगावं लागत नाही, शोधाची ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे पार्सरला, लागतं. ‘इतवारी’ आणि ‘दुकान’ यांच्यातल्या रिकाम्या जागेचा अर्थ आजवर एकमताने ठरलेलाच नाही.

‘आणि-किंवा’चं बीजगणित जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ सालच्या पुस्तकात मांडलं. त्यातही ‘आणि’साठी वेगळं चिन्ह नव्हतं, अक्षरं नुसती शेजारी लिहायची. ‘आणि’ घट्ट, ‘किंवा’ सैल, म्हणजे आधी ‘आणि’ने जोडलेले शब्द एकत्र धरायचे, मग ‘किंवा’ने जोडलेले, हा क्रम तिथूनच आला.

१९९५च्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रात शब्द नुसते शेजारी दिले तर त्यांतला एखादा असलेली पानंही यायची. शब्द हवाच असेल तर आधी अधिकचिन्ह, नको असेल तर उणे. गूगलने सगळेच शब्द हवेत असं धरलं आणि २०११ मध्ये अधिकचिन्हाचं ते काम काढून अवतरणचिन्हांकडे दिलं.

खरा गुंता १९९९च्या लुसीन या शोधाच्या लायब्ररीपासूनचा. तिच्या आत ‘आणि-किंवा’ नाहीतच. प्रत्येक शब्दावर ‘हवाच’, ‘असला तर बरा’ किंवा ‘नकोच’ असा शेरा बसतो. त्यामुळे जुन्या पार्सरला ‘महाल ऑर इतवारी अँड दुकान’ दिलं की ‘इतवारी’ हवाच, ‘दुकान’ हवंच आणि ‘महाल’ असला तर बरा, असं ठरतं. नुसत्या महालातली दुकानं यादीतून गायब! कंस घातले की निकाल बरोबर येतो, पण शोधपेटीत कंस कोण घालतं?

एसक्यूलाइट या डेटाबेसने तर स्वतःचाच निर्णय फिरवला. त्याच्या एफटीएस३ या मजकूर शोधणाऱ्या भागाच्या साध्या व्याकरणात ‘ऑर’ रिकाम्या जागेपेक्षा घट्ट होता, म्हणजे आपल्या बोलण्यासारखा. २०१५च्या एफटीएस५मध्ये रिकामी जागाच सगळ्यांत घट्ट झाली. पोस्टग्रेस या डेटाबेसने २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीत वेब-शोधासारखी क्वेरी, म्हणजे शोधाची ओळ, वाचणारं फंक्शन दिलं. ते काहीही टाइप केलं तरी चूक दाखवत नाही, हे फार चांगलं. घट्ट मात्र तिथेही ‘आणि’च. मराठी शोधासाठी हा क्रम चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आपण जागांची नावं ‘किंवा’ने जोडतो आणि वस्तू शेवटी एकदाच सांगतो.

‘किंवा’ ओळखायचा कसा, हाही प्रश्न आहेच. लुसीन आणि एसक्यूलाइट कॅपिटल अक्षरांतलाच ‘ऑर’ जोडणारी क्रिया मानतात, बाकीचा साधा शब्द. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. त्यामुळे ‘किंवा’ क्रिया की शब्द, हे पार्सर लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

तिरकी रेषाही अशीच नडते. २०१२च्या लुसीन ४.० पासून ती रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याची, सीमा झाली. शोधपेटीत ७/१२ लिहिलं की रेषा उघडते, बंद होत नाही आणि पार्सर चूक देतो. सातबारा शोधणाऱ्याने त्या रेषेआधी उलटी रेषा घालावी अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ती उलटी रेषा, क्वेरी पार्सरकडे जाण्याआधी, अॅपनेच घालायची.